उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र : ६.१ म्हणजे नेमके किती टक्के?

मा. उच्च शिक्षण मंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

हेच पत्र हिंदीतून आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवलं आहे. मराठीतून इथे मांडते आहे, कारण इंदूरच्या मराठी घरांतली कितीतरी मुलं याच फेऱ्यात अडकली आहेत, आणि घरचे ‘गुण कमी पडले ना, मग आता गप्प बस’ म्हणून विषय मिटवतात.

गेल्या आठवड्यात पीएचडीच्या कागदपत्र पडताळणीत मला बाद केलं. प्रवेश परीक्षा मी पास झाले होते. खिडकीतल्या बाईंनी माझी एमएस्सीची गुणपत्रिका बघितली, मोबाइलवर आकडेमोड केली आणि अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेनाने ५३.५ लिहिलं. पंचावन्न हवेत, म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

माझा सीजीपीए (सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी श्रेणी) ६.१ आहे. सरळ दहाने गुणलं तर ६१ टक्के होतात. काही ठिकाणी ९.५ ने गुणतात, तसे केले तर ५७.९५. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, त्या हिशेबाने माझे ५३.५. एकाच गुणपत्रिकेवर मी दोन ठिकाणी पात्र आणि तिसऱ्या ठिकाणी अपात्र! माझ्या विद्यापीठाने गुणपत्रिकेवर कुठलंच सूत्र छापलेलं नाही. टक्केवारीचा दाखला पंधरा दिवसांत देऊ, असं लेखी सांगून फी भरून घेतली. पडताळणीची तारीख निघून गेली तरी दाखला नाही. विचारायला गेलं की एकच उत्तर: साहेबांची सही व्हायची आहे. त्या एका सहीपायी माझं वर्ष गेलं, महोदय. ते कोण भरून देणार?

गुण कमी का पडले, तेही ऐकून घ्या. बीएस्सीपर्यंत मी हिंदी माध्यमातून शिकले. एमएस्सीला पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. क्वांटम केमिस्ट्रीचं एक पान उलगडायला अख्खी संध्याकाळ जायची, आणि सकाळी शिकवण्या, कारण फी त्यातूनच भरायची होती. पहिल्या सत्रात ४.६ आणि एटीकेटी, म्हणजे नापास विषय घेऊनच पुढच्या सत्रात. दुसऱ्यात ५.४, तिसऱ्यात ६.९, चौथ्यात ७.५. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांचं मोठ्या समारंभात प्रकाशन झालं. चांगलं झालं. पण हिंदीतून आलेल्या एमएस्सीच्या मुलांकडे कुणी पाहायचं?

त्यानंतर पीथमपूरला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, लागले. रात्रपाळी, एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रापुढे तासन्‌तास, आणि सुट्टीच्या दिवशी एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स. आमच्या लॅबमध्ये एखाद्या बॅचचा निकाल मर्यादेबाहेर आला तर ती बॅच तडकाफडकी फेकत नाहीत. आधी ओओएसचा, म्हणजे मर्यादेबाहेरच्या निकालाचा, तपास होतो: चूक मशीनची, नमुन्याची, की खरोखर मालात खोट? गोळ्यांच्या बॅचला जी चौकशी मिळते ती माणसाला का मिळत नाही? ४.६ वरून ७.५ वर आलेली मुलगी तुमच्या नियमाला दिसतच नाही. त्याला फक्त सरासरी दिसते, आणि ती जन्मभर बदलत नाही. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेलाही खुल्या गटासाठी पंचावन्नच. म्हणजे एक दार बंद झालं की पुढची सगळी बंद.

लोक सुचवतात, इग्नू या मुक्त विद्यापीठातून दुसरी पदव्युत्तर पदवी घे. हल्ली दोन पदव्या एकदम करायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगीही आहे, २०२२ पासून. पण दोन सत्रं बिघडली म्हणून पुन्हा दोन वर्षं आणि पुन्हा फी? नवं शिक्षण धोरण आपल्या राज्याने २०२१ मध्येच लागू केलं. क्रेडिट बँकेत क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) सात वर्षं टिकतात, कधीही बाहेर पडा, पुन्हा या, असं सांगितलं गेलं. मग त्याच विषयांची परीक्षा पुन्हा देऊन श्रेणी सुधारायची म्हटलं, तर ‘पास झालेल्याला तशी सोय नाही’ असं सांगून मला परत का पाठवलं?

व्यवस्थेची परीक्षा बिघडते तेव्हा मात्र ती पुन्हा होते. १८ जून २०२४ ला नऊ लाखांवर मुलांनी यूजीसी-नेट दिली, दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत घेतली. आपल्याच राज्यात व्यापमं या परीक्षा मंडळात केवढे घोटाळे झाले ते इंदूरला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच घोटाळ्यातल्या ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले, तोवर त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं त्या जागांवर शिकत होते. कॉपी न करता, दलालाला पैसे न देता ६.१ मिळवणाऱ्यांना मात्र दीड टक्क्यासाठी बाहेर काढता. याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या गुणपत्रिकेमागे एकच सूत्र छापा. दाखला मागितला त्या दिवशी मिळाला पाहिजे. ज्याचा आलेख चढता आहे त्याला बिघडलेलं सत्र सुधारायची एक संधी द्या. आणि माझा दाखला कुणाच्या टेबलावर पडून आहे, ते पुढच्या प्रवेशाची जाहिरात निघायच्या आत मला लेखी कळवा.

आपली,
एक एमएस्सी (रसायनशास्त्र),
रामबाग, इंदूर