अंड्यांच्या ट्रेमधलं बेणं

डब्लिन, 18 मार्च

ती. अण्णा आणि आईस सा. न.,

काल इथे सेंट पॅट्रिकच्या सणाची सुट्टी होती. सगळं शहर मिरवणुकीत आणि मी मागच्या अंगणात मातीत हात घालून बसलो होतो. शेजारचे आजोबा म्हणतात, बटाटा पॅट्रिकच्या दिवशी लावावा. आपल्या मृगासारखंच. मीही मुहूर्त गाठला.

अण्णा, हसू नका, माझं सगळं बेणं पंधरा नग! वाण 'शार्प्स एक्सप्रेस', लवकर निघणारं. फेब्रुवारीत आणलं आणि जास्त डोळ्यांची बाजू वर करून अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये खिडकीपाशी मांडलं. तुम्ही मंचरहून गोण्या आणून सावलीत पसरता, तेच काम. उजेडात कोंब आखूड, जाड, जांभळट येतात. गेल्या वर्षी बंद कपाटात ठेवले होते, तर वीतभर पांढरे दोरे निघाले आणि लावताना निम्मे मोडले. बेणं कापलं मात्र नाही. मुळात अंड्याएवढंच आहे, आणि इथल्या गार ओल्या मातीत फोड कुजायची भीती.

सरी-वरंब्याला जागा कुठली? चाळीस लिटरच्या पाच पिशव्या, प्रत्येकीत तीन बटाटे. तळाशी वीतभरापेक्षा कमी माती, वर बेणं, वर पुन्हा माती. रोप वर येईल तशी पिशवी भरत जायची, म्हणजे तुमची भरच. उघडा पडला की बटाटा हिरवा होतो, हे तुमच्याकडूनच शिकलोय. खरी धास्ती हिमाची. इथे एप्रिलमध्येही रात्री दव गोठतं. मागच्या वर्षी एका रात्रीत कोवळा पाला काळा पडला. खालून पुन्हा फुटला, पण पंधरा दिवस गेले. यंदा जुनी चादर तयार ठेवली आहे.

आजोबांशी बोलताना करप्याचा विषय निघाला. तुम्ही ढगाळ हवा दिसली की पंप पाठीवर घेता, तोच हा रोग. 1845 साली तो इथे आला आणि गरिबांचं बटाट्यावरच पोट असल्यामुळे पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी गेली. अजूनही हवा दमट, उबदार झाली की इथलं हवामान खातं करप्याचा इशारा देतं. आपल्याकडे तो इशारा तुमच्या गुडघ्यांतून येतो! लवकर येणारं वाण घेतलं ते त्यासाठीच. करपा जोर धरायच्या आत निघून येतं.

आई, नव्या बटाट्याची साल बोटानंच निघते. पहिल्या काढणीची सुकी भाजी करीन, तुझ्यासारखी, फक्त कढीपत्ता नसेल. इथे तो मिळतो, पण कागदासारखा वाळका.

माझी काढणी जूनच्या मध्यावर, तेव्हा पठारावर तुमची लागवड सुरू असेल. बेण्याचा भाव काय निघतोय ते कळवा. आणि अण्णा, यंदा फवारणीचा पंप धाकट्याच्या पाठीवर द्या.

तुमचा,
दादू