ब्लूबेरी, मध आणि चिमूटभर धणे

एडिसन, न्यू जर्सी
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोहोचलं. पुण्याच्या पाहुण्यांनी ब्लूबेरीचे डबे आणले, वहिनींनी त्यातले दोन उकळत्या बासुंदीत घातले आणि बासुंदी फाटली, हे वाचून हळहळलो. एवढं दूध आटवायला किती वेळ जातो ते मला ठाऊक आहे. पण वहिनींना दोष देऊ नकोस. हे फळ दिसतं मिठाईतलं, असतं आंबट, आणि तापल्या दुधात फुटलं की दूध नासणारच. चक्का, दही, पनीर, लोणी यांच्याशी त्याचं छान जमतं. बासुंदीच करायची असेल तर ती पूर्ण गार होऊ दे आणि ब्लूबेरी वाटीत वेगळी वाढ.

शेतावर मुक्कामाला येणाऱ्यांना ब्लूबेरी आणि घरचा मध मिळून काय देता येईल, असं तू विचारलंस. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण इथे हंगाम ऐन भरात आहे, आमच्या फ्रीजमध्ये दुसरं काही मावत नाही, आणि हा विषय निघाला की मी थांबत नाही हे घरचे तुला सांगतीलच. तेव्हा चहा घेऊन बैस.

आमच्या दक्षिणेला गाडीने सव्वा-दीड तासावर हॅमंटन नावाचं गाव आहे. स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवून घेतं. जूनच्या उत्तरार्धात तिकडच्या बागा लोकांना तोडणीसाठी खुल्या होतात. कमरेला बादली बांधायची, झुडपांच्या रांगेत शिरायचं आणि तोडलेल्या फळाचे वजनावर पैसे द्यायचे. एडिसनची निम्मी मराठी मंडळी शनिवारी सकाळी तिथेच भेटतात, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तोडताना एकच पाहायचं: देठाजवळ लालसर कडा दिसली तर फळ झाडावरच राहू द्यायचं. ब्लूबेरी तोडल्यावर निळी होईल, पण अधिक गोड होणार नाही. आंब्यासारखी अढी तिला लावता येत नाही. पिकलेलं फळ अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शाने तळहातावर उतरतं. अंगावरचा पांढरट थर म्हणजे नैसर्गिक मेण, ते फळाला टिकवतं. म्हणून घरी आणल्याआणल्या धुऊ नये, खायच्या किंवा शिजवायच्या वेळी धुवावं.

तू शेतकरी माणूस, म्हणून हे सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरी बागेत लावता येते यावर इथे कुणाचा विश्वास नव्हता. रानात मिळेल ती तोडायची, एवढंच. मग फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या झुडपाला आम्लधर्मी माती लागते. चांगल्या खतावलेल्या जमिनीत ते झुरतं. त्याचा अहवाल वाचून एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी १९११ मध्ये त्याला पत्र लिहिलं. न्यू जर्सीच्या व्हाइट्सबॉगला त्यांच्या वडिलांची क्रॅनबेरीची शेती होती आणि आजूबाजूच्या रेताड पाइनच्या रानात ब्लूबेरी माजलेली. बाईंनी रानातल्या लोकांनाच कामाला लावलं. प्रत्येकाला सुमारे १६ मिलिमीटरचं भोक पाडलेली पट्टी दिली. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून जाणार नाही ते दाखवणाऱ्याला पैसे, वर झुडपाला त्याचं नाव. रूब लीक नावाच्या माणसाने शोधलेलं झुडूप ‘रूबेल’ म्हणून आजही लावलं जातं. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. शास्त्रज्ञ, शेतमालकीण आणि रानातली माणसं यांनी बरोबरीने केलेलं हे काम मला फार आवडतं, आणि त्यातल्या तिसऱ्या गटाचं नाव निदान एका झाडावर तरी राहिलं हे त्याहून.

तुमच्या तांबड्या मातीत ती येईल का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. मातीचा सामू (पीएच) साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान हवा आणि उत्तरेकडच्या वाणांना हिवाळ्यात कित्येक शे तास कडक थंडी हवी. फ्लोरिडाकडे कमी थंडीत येणारे वाण तयार झालेत. माती तपासल्याशिवाय एक रोपही विकत घेऊ नकोस.

आता मध. ब्लूबेरीचं फूल छोट्या पांढऱ्या घंटेसारखं असतं आणि पराग नळीत बंद, टोकाला बारीक छिद्र. भुंग्याच्या जातीतली इथली मोठी माशी फुलाला मिठी मारते, पंखांचे स्नायू थरथरवते, की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग खाली पडतात. मधमाशीला ही विद्या येत नाही. तरी शेतकरी वसंतात ट्रक भरभरून पेट्या आणतात, कारण माश्यांची संख्याच इतकी असते की काम होऊन जातं. त्यातून ब्लूबेरीच्या फुलांचा मध मिळतो. हलका सोनेरी, सौम्य. त्याला ब्लूबेरीची चव येते असं बाटलीवर लिहून विकतात. मला तरी ती कधी आली नाही. मकरंद फुलाचा, चव फळाची कुठून येणार? तुझ्याकडचा जांभळाचा काळसर, किंचित कडवट मध या फळाला त्याहून जास्त शोभतो, हे पक्षपाताने म्हणत नाही. महाबळेश्वरजवळच्या तुमच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून मान मिळाला तेव्हा इथल्या मित्रांना मी तोच मध चाखायला दिला होता. फिकट मध ब्लूबेरीत विरघळून नाहीसा होतो, कडवट मध शेवटपर्यंत जाणवतो.

मध तापवू नये, असं तुझी आई सांगायची. चरकसंहितेत तो निषेध आहेच. इथे लोक मध सर्रास भट्टीत घालतात आणि ठणठणीत असतात, त्यामुळे वैद्यकाच्या वादात मी पडत नाही. पण चवीच्या बाजूने आई शंभर टक्के बरोबर होती. मध खळखळून उकळला की फुलांचा वास उडतो आणि उरतो नुसता गोडवा. तो गुळानेही मिळतो, स्वस्तात. म्हणून माझी पद्धत ठरलेली: फळ शिजवायचं, खाली उतरवायचं, कोमट झालं की मध.

ब्लूबेरीला नुसतं गोड केलं की ती मिळमिळीत होते. ताजी खाताना जो सुगंध येतो तो शिजवल्यावर बराचसा उडतो, आणि साखरेने तो परत येत नाही. तो येतो धण्याने! ब्लूबेरीच्या वासात लिनॅलूल नावाचा एक घटक आहे आणि धण्याच्या वासातही मुख्य घटक तोच. चिमूटभर भरड धणे घातले की धण्याची चव लागत नाही, ब्लूबेरीच जास्त ब्लूबेरी लागते. इथले मोठे बल्लव हे गुपित म्हणून सांगतात. आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारी ते बरणीत पडूनच असतं.

तर मूळ कृती अशी. पाव किलो ब्लूबेरी घे, म्हणजे तुझ्याकडचे १२५ ग्रॅमचे दोन डबे. त्यातली निम्मी जाड बुडाच्या भांड्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूट मीठ आणि पाव चमचा भरड धणे घालून मध्यम आचेवर ठेव. पाणी घालू नकोस. पाच-सहा मिनिटांत फळं फुटतात आणि रस सुटतो. मग उरलेली निम्मी घालून लगेच उतरव, म्हणजे काही दाणे अख्खे राहतात आणि दाताखाली फुटतात. कोमट झाल्यावर दोन मोठे चमचे मध. गरम असताना पातळ दिसेल, घाबरू नकोस. फळात पेक्टिन असतं, गार झाल्यावर घट्ट होतं. हे फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतं. घावनावर घाल, धिरड्यावर घाल. सर्वांत उत्तम म्हणजे चक्का नुसता फेटून, साखर न घालता, त्यावर. श्रीखंडात मिसळू मात्र नकोस, गोडावर गोड होतं आणि रंग मळकट येतो.

रंगाचं शास्त्र वहिनींना आवडेल. गर फिकट हिरवट असतो, जांभळा रंग सगळा सालीतला. आंबटात तो लालीकडे झुकतो, सोड्यात निळा-हिरवा होतो. केकमध्ये खायचा सोडा जास्त झाला की फळाभोवती हिरवी वर्तुळं दिसतात आणि पाहुणे बुरशी समजून ताट सारतात. केकमध्ये साखरेऐवजी मध वापरायचा असेल तर एक कप साखरेला पाऊण कप मध, दूध-पाणी पाव कपाने कमी, आणि भट्टी १५ अंश सेल्सिअसने मंद, कारण मध लवकर करपतो. केक मात्र दोन दिवस मऊ राहतो. इथे मध तापवू नये हा माझा नियम मोडतो, ते मान्य.

केकसाठी गोठवलेली ब्लूबेरी चालते, वितळवायची नाही, तशीच घालायची. आमच्याकडे उत्तरेच्या मेन राज्यातली रानटी ब्लूबेरी गोठवून मिळते. दाणा वाटाण्याहून लहान. ती कुणी लावत नाही, मुळांनी आपोआप पसरते. लोक फक्त एक वर्षाआड शेत जाळतात किंवा छाटतात आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दातेरी फणीने फळ ओरबाडून घेतात. दाणा लहान म्हणजे साल जास्त, म्हणून रंग आणि चव दोन्ही गडद. शिजवायला मला तीच आवडते, खायला हॅमंटनची.

आता तिखटमिठाचं, म्हणजे माझ्या आवडीचं. गोऱ्यांच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी ही फळं वाळवून ठेवत आणि मांसाबरोबर खात. त्यामुळे मटण-चिकनला ब्लूबेरी लावणं हे आधुनिक फॅड आहे असं कुणी म्हटलं तर हसून सोडून दे. कोंबडीचे तुकडे मीठ-मिरी लावून तव्यावर खरपूस कर आणि बाजूला काढ. त्याच तेलात बारीक कांदा, लसूण, मग एक कप ब्लूबेरी आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. तव्याला चिकटलेलं खरवडून घे. इथे थाइम नावाचा सुवासिक पाला घालतात. तो मिळाला नाही तर दोन-चार दाणे ओवा चुरडून घाल. दोघांत वासाचा घटक एकच, थायमॉल, फक्त ओवा दांडगा. फळ फुटलं की उतरवून एक चमचा मध, भरपूर काळी मिरी, छोटा लोण्याचा गोळा. कोंबडीवर ओत. याला लिंबू वरून पिळायला विसरू नकोस, नाहीतर जॅम लावल्यासारखं लागतं.

शाकाहारी पाहुण्यांना मक्याची कोशिंबीर दे. न्यू जर्सीत मका आणि ब्लूबेरी एकाच वेळी येतात, म्हणून ही जोडी इथली घरगुती आहे. मी तिला आपलं वळण दिलं. उकडलेले मक्याचे दाणे, मूठभर कच्ची ब्लूबेरी, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. लिंबाच्या रसात चमचाभर मध आणि मीठ कालवून घाल, वरून हिंग-मोहरीची फोडणी. हळद नको, जांभळ्याशी मिसळून चिखल होतो. दाण्याचं कूटही नको. मी घालून पाहिलं, सगळा रस पितं. रताळी भाजून त्यावर तीच आधीची घट्ट ब्लूबेरी आणि मिरपूड घातलीस तर उपासाचा पदार्थ होतो, फक्त धणे वगळ, कारण तुमच्याकडे उपासाला ते चालत नाहीत.

आणि शेवटी मेथांबा. हो, ब्लूबेरीचा. तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथी लालसर होईपर्यंत, हिंग, पाव किलो ब्लूबेरी, मीठ, लाल तिखट. फळ फुटलं की गूळ. इथे मध घालू नकोस, मेथीच्या कडूपुढे आणि तिखटापुढे त्याचं काही चालत नाही, वाया जातो. पोळीबरोबर खा, थालीपीठाबरोबर तर अगत्याने. आमच्या हिने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. आता बरणी तिच्याच बाजूला असते.

पाहुण्यांत तान्हं मूल असेल तर एक लक्षात ठेव. वर्षाच्या आतल्या बाळाला मध, तापवलेला असो वा कच्चा, चाटवू देऊ नकोस. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला धोका होऊ शकतो. आपल्याकडच्या आज्यांना हे पटत नाही, पण इथले डॉक्टर यावर एकमताने ठाम आहेत.

डबे अजून शाबूत असतील तर आधी चक्क्याचं करून बघ आणि कसं झालं ते कळव. जांभळाचा मध या वर्षी किती निघाला, तेही लिही. डिसेंबरात येतोय, दोन बाटल्या माझ्या नावाने बाजूला ठेव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर