शेवटच्या नळापर्यंत चालत येणाऱ्या साहेबांना आभारपत्र

प्रति,
आरोग्य सहाय्यक साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र

विषय : पिण्याच्या पाण्यावर ठेवलेल्या देखरेखीबद्दल आभार

स.न.वि.वि.

तुमची बदली झाल्याचं कळलं, म्हणून गावोगावी पाणी शुद्ध करणाऱ्या आणि तपासणाऱ्या आम्हा जलसुरक्षकांचं हे पत्र. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, पावसाळ्यात पाणी कोसळतं आणि एप्रिल-मे उजाडला की विहिरी तळ गाठतात. पाडे विखुरलेले. अशा भागात कुणी येऊन नुसतं रजिस्टर पाहिलं आणि सही केली, तरी कागद पूर्ण होतो. तुम्ही रजिस्टर उघडायच्या आधी शेवटचा नळ कुठे आहे ते विचारायचात आणि तिथवर चालत जायचात. आमचे आभार सगळ्यात आधी त्या सवयीसाठी. तुमच्या जागी येणाऱ्यांनाही तिचं मोल कळावं, म्हणून हे उघड पत्र जरा सविस्तर लिहितो.

टाकीखालच्या नळाला ओटी (ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकून करायची क्लोरिनची चाचणी, क्लोरिन असला की पाणी पिवळं होतं) घेतली तर ती पिवळी येणारच, कारण टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, तिथेच पडलेली असते. खरी परीक्षा वस्तीच्या टोकाला. तिथे किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) मोकळा क्लोरिन उरला पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत रंग पाहायचा हे तुम्ही पक्कं करून घेतलंत. उशिरा उमटणारा पिवळेपणा हा घाणीशी जोडला गेलेल्या क्लोरिनचाही असतो आणि त्यावर विसंबलं तर फसगत होते. टाकीशी पिवळं आणि टोकाला बिनरंगाचं आलं, तर टीसीएल वाढवू नका, टोकाकडून मागे एकेक नळ तपासत या, हे तुमचं सांगणं. ज्या दोन नळांच्या मधे रंग नाहीसा होतो, तिथेच काहीतरी क्लोरिन खातंय. बहुतेक वेळा ती गळती असते.

आणि गळती म्हणजे नुसतं पाणी वाया जाणं नव्हे. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास सुटतं. पाणी चालू असताना ते भेगेतून बाहेर जातं. पुरवठा बंद झाला आणि पाइप रिकामा होऊ लागला की तीच भेग बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी पहिली घागर भरणाऱ्या घरात ते जातं. म्हणून तुम्ही गटारातून गेलेली कनेक्शनं, पाण्याने भरलेले व्हॉल्व्ह चेंबर आणि खड्ड्यातले नळ यांची यादी दर भेटीत मागायचात. दाब कमी म्हणून लोक खड्डा खणून नळ खाली घेतात, तोटीही बसवत नाहीत. खड्ड्यात सांडपाणी साचतं आणि नळाचं तोंड त्यात बुडतं. तोटी किरकोळ पैशांची, पण तिच्यावाचून सगळी टाकी शुद्ध करूनही उपयोग नाही. जोड दुरुस्त झाला की लाइनचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं आणि टोकाला ओटी पिवळी आल्यावरच लोकांना भरू द्यायचं, हेही आता सगळीकडे पाळलं जातं.

टीसीएलच्या बाबतीत तुम्ही जी शिस्त लावलीत, तिचे आभार वेगळे मानायला हवेत. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. ओल, हवा आणि उजेड लागला की तो उडतो. वास मात्र जुन्या पावडरीलाही येतो, म्हणून वासावर भरवसा ठेवून चालत नाही. पोतं पंपघरात उघडं ठेवलं की पावडर मरते आणि स्टार्टरही गंजतो. १००० लिटरला ५ ग्रॅम हे माप ताज्या पावडरीचं : ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम, म्हणजे पाण्यात साधारण १.६५ पीपीएम. तीच पावडर २० टक्क्यांवर आली तर तेवढ्याच वजनात १ पीपीएमच मिळतो. २० टक्क्यांच्या खालची पावडर वापरायचीच नाही, ती परत करायची. तुम्ही पोत्याच्या वरचा थर न घेता मधला नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचात, अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करायचात आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगायचात. पावडर विकणाऱ्यावर याच्याइतका वचक दुसऱ्या कशाचाच बसत नाही.

विहिरींसाठीची गाठींची दोरी हे आमच्या मते तुमचं सर्वांत उपयोगी काम. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याच्या दर मीटर उंचीला सुमारे १९,६०० लिटर पाणी असतं, म्हणजे साधारण १०० ग्रॅम टीसीएल. दोरीला दर मीटरला गाठ, खाली दगड. जितक्या गाठी भिजल्या तितकी शंभर-शंभर ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवायची नाही, त्यामुळे गाठी तितक्याच बादल्या. आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादली भरून ढवळायची, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणीच विहिरीत सोडायचं आणि पोहऱ्याने वर-खाली हलवायचं. अर्ध्या तासाने ओटी. उन्हाळ्यात मीटरभर पाणी असताना १०० ग्रॅम पुरते, जुलैत सहा मीटर चढल्यावर ६०० लागते. हाताच्या अंदाजाने टाकणारा माणूस वर्षभर मूठ तीच ठेवतो आणि पहिल्या पावसातच जुलाब सुरू होतात. त्यात पाणी गढूळ असेल तर माती आणि पालापाचोळाच क्लोरिन पितो. अशा वेळी मात्रा वाढवून पुन्हा ओटी घ्यायची, हे विहिरींच्या मापांच्या तक्त्याच्या तळाशी तुम्ही स्वतः लिहून दिलंत.

टँकरचंही तसंच. १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम, आणि तीही भरतानाच, म्हणजे रस्त्यातच अर्धा तास मिळतो. टँकर विहिरीत ओतला की तळाच्या गाळात तो क्लोरिन संपतो. म्हणून ओतल्यावर विहिरीचं माप घेऊन परत टीसीएल टाकावी लागते. हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत.

जंतुतपासणीसाठी पाठवायच्या नमुन्याच्या बाटलीबद्दलही लिहायला हवं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, बाटली विसळायची नाही कारण आतलं औषध क्लोरिन मारण्यासाठी असतं, काठोकाठ भरायची नाही, थंड ठेवून त्याच दिवशी पाठवायची. घाईत विसळलेली बाटली खोटा अहवाल देते.

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या स्वच्छता सर्वेक्षणात तुम्ही पाण्याला धोका असलेल्या गावाला लाल कार्ड द्यायला कचरला नाहीत. सरपंचांना राग आला तरी कार्डासोबत कारण लिहून दिलंत : हातपंपाचा फुटलेला ओटा, विहिरीपासून १५ मीटरच्या आत आलेला शोषखड्डा. आपला काळा दगड भेगांचा, त्यातून घाण लवकर उतरते, हे तुम्ही ग्रामसभेत शांतपणे समजावलंत. लाल कार्डाचं पिवळं आणि पुढे हिरवं झालं ते अशा कारणांवर काम झाल्यामुळे. आशाताईंनाही तुम्ही बळ दिलंत. एका पाड्यावर एकाच दिवशी जुलाबाचे दोन रुग्ण दिसले की ओआरएस देतानाच त्यांनी जलसुरक्षकाला फोन करायचा, ही वाट तुम्ही घालून दिलीत.

विहिरींची मापं आणि दर मीटरची टीसीएल आता प्रत्येक पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतली आहे. खड्ड्यातल्या नळांची यादी आणि टीसीएलचे जुने अहवाल एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. नवे साहेब रुजू झाले की ती त्यांच्या हाती देऊ आणि शेवटच्या नळापर्यंत त्यांच्यासोबत जाऊ.

कळावे, लोभ असावा.

आपले,
प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील जलसुरक्षक