चाळ सोडण्याआधी पत्त्यांची यादी करा

महोदय,

पुनर्विकासामुळे गिरणगावातल्या चाळी रिकाम्या होत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत जाण्याचा आनंद मोठाच आहे. पण आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक भंगारात जाते आणि तिच्यासोबत घराण्याचे जुने पत्तेही जातात. मुंबईकराला गाव विचारलं की तो एकच नाव सांगतो. प्रत्यक्षात आजोबांचं गाव, गाववाल्यांची खोली, डिलाईल रोडची चाळ, मग डोंबिवली नाहीतर नालासोपारा, अशी कितीतरी ठिकाणं असतात आणि ती सगळी आपलीच असतात. खोलीची चावी देण्याआधी ती लिहून काढावीत, ही कळकळीची विनंती.

यादी आजच्या पत्त्यापासून मागे न्यावी. सर्वात भरवशाचा धागा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यात जन्मस्थळ असतं आणि आधीच्या शाळेचा रकाना असतो. त्या शाळेत गेलं की तिथून आणखी मागची शाळा सापडते. शाळा बंद झाली असेल, तर ती जिच्यात विलीन झाली तिथे जनरल रजिस्टरची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीची, चौकशी करावी.

जन्माच्या नोंदीला लोक हमखास अडतात, कारण शोध वडिलांच्या गावी घेतला जातो. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते आणि पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. म्हणून आई, आजी, पणजी यांची माहेरं यादीत हवीतच. वंशावळीत ती सहसा नसतात, ही मोठीच उणीव आहे. कोकणात वाडीच्या नावाने शोधूनही हाती काही लागत नाही, त्यासाठी महसुली गावाचं, म्हणजे सरकारी दप्तरातल्या गावाचं, नाव हवं. जुन्या नोंदींत आडनाव नसतं किंवा वेगळं असतं, म्हणून ‘बाळा’, ‘तात्या’ अशी हाकेची नावंही टिपावीत. जिल्हा तेव्हाचा आणि आताचा, दोन्ही लिहावेत. सिंधुदुर्ग 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून. कोयना धरणात गेलेल्या गावांच्या बाबतीत मूळ गाव आणि पुनर्वसनाचं गाव, दोन्ही हवीत.

मुंबईकडची बाजू जास्त अवघड. गाववाल्यांच्या खोलीत अनेक जण राहत, पण भाडेपावती एकाच्याच नावावर. बाकीच्यांचा माग गिरणीच्या कागदांत लागतो: तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयचा (कामगार विम्याचा) क्रमांक. गिरणी कामगारांच्या घरांसाठीही हेच पुरावे मागितले गेले. ज्यांनी ते सांभाळले नाहीत त्यांचे किती हाल झाले, हे लालबाग-परळला सांगायला नको.

जातीच्या दाखल्यासाठीही कुटुंब एका ठरावीक तारखेला कुठे राहत होतं हे पाहतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. या चार तारखांना घरातलं कोण कुठे होतं, एवढं तरी आजच विचारून ठेवावं. सांगू शकणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

कागद सापडला की तो लॅमिनेट करू नये. त्यावरचा शिक्का आणि शाई मग नीट तपासता येत नाही आणि ते प्लास्टिक काढताना कागदच फाटतो. सेलोटेपही नको, तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांवर पसरतो. घडी उघडून कागद सपाट करावा, 300 डीपीआयवर दोन्ही बाजूंनी स्कॅन करावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावा. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते आणि बुरशी धरते. मोडीतला कागद असेल तर न वाचताच टाकू नका, जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या.

गौरी-गणपतीला गावी जाल तेव्हा ही यादी सोबत असू द्या. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 (घरपट्टीच्या नोंदीचा उतारा) आणि तलाठ्याकडून जमिनीचा आठ-अचा (खात्याचा) उतारा घेता येतो. फक्त चतुर्थीला कार्यालयं बंद असतात, म्हणून आधीचा एक कामाचा दिवस हाताशी ठेवून निघावं.

– एक वाचक, लालबाग, मुंबई