उंटाला उन्हाचं काय, असं म्हणू नका

संपादक महोदय,

मे महिन्यात नातवाला घेऊन नेरूळच्या एका धारण तलावाकाठी गेले होते. दुपारचे साडेतीन वाजलेले आणि घुंगरं बांधलेला एक उंट पोरांना फेऱ्या मारून आणत होता. उंटवाल्याला म्हटलं, "जरा सावलीत बसवा की त्याला." तर रांगेतले एक गृहस्थ हसले, "काकू, उंट आहे तो. त्याला उन्हाचं काय?" नातवानेही री ओढली, "आणि त्याच्या मदारीत पाणी असतं!"

३१ वर्षं विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे गप्प बसवलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणालात तरी चालेल.

मदारीत पाणी नसतं, चरबी असते. ती पाठीवर एका जागी गोळा झाल्याने बाकीच्या अंगावर चरबीची गोधडी राहत नाही आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळते. पाण्याची काटकसर चालते ती वेगळीकडेच. लघवी घट्ट, लेंड्या कोरड्या, उच्छ्वासातली बरीचशी वाफ नाकातच अडवलेली. वजनाच्या पाव हिश्शाइतकं पाणी अंगातून गेलं तरी उंट तगतो, माणूस त्याच्या निम्म्यातच आटोपतो. पुढे पाणी दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पोटात. रक्तातल्या त्याच्या लंबगोल तांबड्या पेशी तेव्हा फुगतात, पण फुटत नाहीत.

मला मात्र सगळ्यात नवल वाटतं ते त्याच्या तापाचं. तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांवर असतं आणि दुपारी ४० च्या वर जातं. आपण एवढ्या तापाला डॉक्टरकडे धावू. उंट घाम गाळण्याऐवजी तो ताप चढू देतो आणि रात्री वाळवंट गार पडलं की साठलेली उष्णता बाहेर टाकतो. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात सहारात जाऊन उंट तपासले. ५०० किलोचा उंट या युक्तीने दिवसाला पाचेक लिटर पाणी वाचवतो, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब गार रात्रीच्या जोरावर जमतो. आमच्याकडे मे महिन्यात पहाटेही पंख्याखाली घाम फुटतो, तिथे त्याने उष्णता टाकायची कुठे? घाम गाळावा तर दमट हवेत तो वाळता वाळत नाही. वाळूत रुतू नयेत म्हणून पसरट झालेले त्याचे मऊ तळवे आपल्या तापल्या डांबरावर भाजतात आणि पहिल्या पावसात पेव्हर ब्लॉकवर घसरतात. चावऱ्या माश्यांमधून पसरणारा सर्रा रोग वेगळाच.

कुणी म्हणेल, कच्छचे खराई उंट खाडीत पोहून कांदळवनं खातात, मग ठाण्याच्या खाडीकाठी काय बिघडलं? पण ती जातच वेगळी, आणि कच्छची हवाही कोरडी.

उंटवाल्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण परवानगी देणाऱ्यांनी निदान फेऱ्या सूर्यास्तानंतर ठेवाव्यात, सावली आणि पाण्याची टाकी सक्तीची करावी, पावसाळ्यात उंट इथे आणूच देऊ नयेत. त्या दिवशी उंटासमोर एक बादली होती. तीही उपडी.

आम्ही फेरी न मारताच घरी आलो. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई