ऐतिहासिक शहरांत बाबागाडीसाठी एक सलग वाट हवी: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यटन व सांस्कृतिक वारसा

विषय: तान्ह्या बाळांसह येणाऱ्या पालकांसाठी बिनपायऱ्यांचा मार्ग

महोदय,

जुन्या शहरांच्या जतनाचे आराखडे आपल्या खात्याच्या मंजुरीने ठरतात. वाहनतळ, प्रकाशयोजना आणि माहितीफलक यांचा त्यांत बारकाईने विचार होतो. तान्ह्या बाळाला घेऊन आलेले पालक मात्र त्या कागदांत सहसा दिसत नाहीत. त्यांच्या वतीने माझी एकच मागणी आहे. अशा प्रत्येक शहरात वेशीपासून मुख्य वास्तूंपर्यंत किमान एक वाट अशी असावी, की तिच्यावरून जाताना बाबागाडी एकदाही उचलावी लागू नये.

बाबागाडीची पुढची चाके लहान असतात आणि वळण्यासाठी ती मोकळी फिरती ठेवलेली असतात. दगडगोट्यांच्या रस्त्यावर दोन दगडांमधल्या फटीत ती आडवी होऊन अडकतात आणि मागून लावलेल्या जोराने गाडी पुढे कलंडू पाहते. मोठ्या चाकांची गाडी घ्यावी, असे सुचवले जाते; पण तशी गाडी बसमध्ये आणि संग्रहालयाच्या अरुंद दारात अडचणीची ठरते. पायऱ्यांपाशी तर ‘उचलून घ्या की’ एवढाच सल्ला मिळतो. बाळ, गाडी आणि सामानाची पिशवी एकदम वर न्यायला दोन माणसे लागतात. एकट्या आलेल्या आईने किंवा बापाने आधी बाळ वर न्यायचे की गाडी, याचे उत्तर सल्ला देणाऱ्याजवळ नसते. सिझेरियन झालेल्या आईला डॉक्टरांनी सुरुवातीचे काही आठवडे जड उचलायला मनाई केलेली असते, हेही येथे लक्षात घ्यावे.

जुन्या फरसबंदीला हात लावल्यास वारसा बिघडेल, हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. तरीही त्याचे उत्तर इतिहासातच सापडते. मिलान आणि तुरिनसारख्या उत्तर इटलीतील शहरांत गोट्यांच्या रस्त्यांमधून ग्रॅनाइटच्या सपाट लाद्यांचे दोन समांतर पट्टे पूर्वीच बसवले गेले, कारण घोडागाड्यांच्या चाकांनाही गोटे सोसत नव्हते. चाकांसाठी सपाट पट्टा ठेवणे ही आजची टूम नाही. नेदरलँड्समधील ब्रेडा शहराने जुने दगडच कापून, उलटे करून, सपाट बाजू वर येईल असे पुन्हा बसवले. सुलभ शहरांसाठीचा युरोपीय आयोगाचा २०१९ चा पुरस्कार याच शहराला मिळाला.

व्हेनिसचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. कालव्यांच्या या इटालियन शहरात ४०० हून अधिक पूल आहेत, बहुतेक पायऱ्यांचे, आणि त्याबद्दल शतकांपूर्वीच्या गवंड्यांना कोणी बोल लावणार नाही. परंतु २००८ मध्ये ग्रँड कॅनॉल या तेथील मुख्य कालव्यावर खुला झालेला नवा पूलही पायऱ्यांचाच बांधला गेला. पुढे २०१३ मध्ये पायऱ्या चढू न शकणाऱ्यांसाठी त्याच्या कडेने सरकणारी एक बंदिस्त केबिन जोडण्यात आली, ती नीट चालली नाही आणि २०२० मध्ये काढून टाकावी लागली. हा दोष इतिहासाचा नव्हे, नकाशा काढतानाच्या विस्मरणाचा आहे. त्याच शहरात मॅरेथॉनसाठी काही पुलांवर तात्पुरते उतार बसवतात आणि शर्यत संपल्यावरही ते काही महिने तसेच ठेवतात, त्यामुळे चाकांवर फिरणाऱ्या सर्वांची सोय होते. बाळांची सोय धावपटूंच्या पुण्याईने व्हावी, हे जरा गमतीचेच आहे.

सगळे शहर सपाट करावे, असे मी म्हणत नाही. इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांत ३ किलोमीटरहून अधिक लांबीचा सुलभ मार्ग आखला गेला आणि बाकीचे प्राचीन रस्ते होते तसेच राहिले. मात्र अशी वाट सलग असली तरच तिला अर्थ आहे. शेवटच्या वळणावर दोन पायऱ्या असतील, किंवा व्हीलचेअरसाठी केलेल्या उताराच्या दाराला कुलूप असून किल्ली भलत्याच इमारतीत असेल, तर आधीचा सारा खर्च वाया जातो. उताराचे १:१२ हे प्रमाण, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, सर्वपरिचित आहे. ते पाळणे जेथे अशक्य असेल, तेथे तसे नकाशावर स्पष्ट छापावे. ‘सुलभ प्रवेश’ एवढे चिन्ह पुरेसे नाही. पायऱ्या किती, दार किती रुंद, लिफ्टमध्ये गाडी न मिटता मावते की नाही, बाळाचे लंगोट बदलण्याची जागा कोठे आहे, हे घरून निघण्यापूर्वी कळले तर पालक आपला बेत आखू शकतात.

काही वास्तूंत बाबागाडी नेऊ न देणे योग्यच असते. नाजूक भिंती आणि अरुंद जिने आम्हालाही दिसतात. स्पेनमधील ग्रानाडाच्या अलहंब्रा या जुन्या राजवाड्यात गाडी ठेवून घेतात आणि बाळाला अंगाशी बांधून नेण्यासाठी पिशवी वापरायला देतात. मनाई करणाऱ्या प्रत्येक वास्तूवर अशी पर्यायी सोय बंधनकारक करावी.

शेवटी, यापुढे असा कोणताही आराखडा मंजूर करण्याआधी आपल्या खात्यातील एका अधिकाऱ्याने पंधरा किलो वजन ठेवलेली बाबागाडी त्या मार्गावरून एकट्याने ढकलत न्यावी, जेथे ती उचलावी लागली त्या जागांची नोंद करावी आणि ती नोंद आराखड्यासोबत प्रसिद्ध करावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पालक