साधेपणा म्हणजे निःस्वार्थीपणा नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखादा नेता निःस्वार्थी आहे हे सांगायचं असलं की त्याचे साधे कपडे, लहानसं घर, स्वतः उचललेली बॅग यांची वर्णनं येतात. वाचायला बरं वाटतं. पण साधं राहणारा माणूसही खुर्चीला चिकटून बसतो, हाताखालच्यांचं श्रेय लाटतो. स्वार्थ काय फक्त पैशाचाच असतो? नावाचा स्वार्थ त्याहून चिवट, आणि तो साध्या कपड्यांत सहज झाकला जातो.

मला ब्रिटिश ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकल्टन आठवतो. ९ जानेवारी १९०९ रोजी तो आणि त्याचे तीन साथीदार दक्षिण ध्रुवापासून साधारण १८० किलोमीटरवर होते. तोवर तिथे कुणीच पोहोचलं नव्हतं. पण आणखी पुढे गेलं तर परतीच्या वाटेवर अन्न पुरणार नव्हतं. शॅकल्टन मागे फिरला. परतताना उपासमार चालू असताना त्याने आपल्या वाटचं बिस्किट फ्रँक वाइल्ड या आजारी साथीदाराला बळेच खायला लावलं. हजारो पौंडांनीही असं बिस्किट विकत मिळालं नसतं, असं वाइल्डने डायरीत लिहून ठेवलं. चौघंही जिवंत परतले. ध्रुवाचा मान डिसेंबर १९११मध्ये नॉर्वेच्या अमुंडसेनला मिळाला.

शॅकल्टन विरक्त मुळीच नव्हता, कीर्तीची त्याला जबर ओढ होती. म्हणूनच त्याचं मागे फिरणं मला इतकं मोलाचं वाटतं. ज्याला काही नकोच आहे, त्याला सोडायला कितीसं जड जातं? इथे तर आयुष्यभराची आस हाताशी आली होती.

लालबहादूर शास्त्रींनी १९५६ साली तमिळनाडूतल्या अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्रिपद सोडलं. पुरात खचलेला पूल काही त्यांनी बांधला नव्हता. खातं आपलं आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

एवढी मोठी माणसं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, पण मला नोकरीच्या सुरुवातीलाच अशा एक विभागप्रमुख बाई लाभल्या. मी तयार केलेल्या अहवालात एक आकडा चुकला आणि तो थेट वरिष्ठांच्या बैठकीत उघडा पडला. मी कोपऱ्यात बसलो होतो, हातपाय गार पडले होते. ‘हे कुणी केलं?’ असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘सही माझी आहे.’ पुढे एक शब्द नाही. संध्याकाळी दार लावून घेऊन त्यांनी मला तोच अहवाल लाल पेन्सिलने ओळ न् ओळ तपासायला लावला. रात्रीचे नऊ वाजले, तरी सोडलं नाही. निःस्वार्थी नेता मऊ असतो, त्याला कुणीही गुंडाळतं, असं म्हणणाऱ्यांनी बाईंना त्या संध्याकाळी पाहायला हवं होतं. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्याबद्दल त्या माझ्याशी कधीही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी एकही आकडा न पडताळता पुढे पाठवलेला नाही.

आपल्या दैनिकात पुढाऱ्यांच्या, संस्थाचालकांच्या मुलाखती येतात. त्यांच्या दिनक्रमाबद्दलचा एखादा प्रश्न कमी करून हा विचारावा, अशी विनंती आहे: तुमच्या माणसाची चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत आणि त्यात तुमचं नुकसान झालं, असा एक प्रसंग सांगा. उत्तर यायला जितका वेळ लागेल, तोही छापावा.

आपला,
एक नियमित वाचक